गाठीचा जमाखर्च : कर्करोगावर औषध कसे लागू पडेल, हे कॉम्प्युटर आधी सांगू शकतो काय?

या पानावर आम्ही सरकी, सूत, कांदा, चामडे यांच्या तेजी-मंदीविषयी लिहीत असतो. दवापाण्याचे विषय या पानाचे नव्हेत. तरीही आज कर्करोगाच्या गाठीवर लिहिण्यास एक कारण घडले. आमचे एक वाचक, सुताचा व्यापार करणारे गृहस्थ, मध्यंतरी एक गुळगुळीत छापील कागद घेऊन आमच्या कचेरीत आले. त्यांच्या थोरल्या भावाला कर्करोगाचे निदान झाले होते. त्या कागदावर लिहिले होते की, रोग्याच्या गाठीची हुबेहूब नक्कल कॉम्प्युटरवर उभी करून कोणते औषध लागू पडेल हे आधीच सांगितले जाईल. शुल्क लाखाच्या घरात होते.

"साहेब, सूत घेताना आम्ही कोन उलगडून धागा बघतो. इथे काय उलगडून बघायचे ते सांगा," असे ते म्हणाले.

त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. नंतर आम्ही वाचले, चार जाणकारांना विचारले, आणि लक्षात आले की हा विषय आमच्या पानापासून वाटला तितका दूर नाही. या शास्त्राच्या मुळाशी दोन जुन्या वह्या आहेत. एक विमा कंपनीची आणि दुसरी मासळीबाजाराची.

नक्कल म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला सिम्युलेशन म्हणतात ती म्हणजे पुढच्या काळाची आज लिहिलेली खतावणी. चाळीत कांदा भरणारा व्यापारी हेच करतो. इतके क्विंटल भरले, दर आठवड्याला इतके सडणार, इतके वजन घटणार, इतके विकणार, तर दिवाळीपर्यंत हाती काय उरेल, हे तो मनात मांडतो. पाऊस लांबला तर सडण्याचा दर वाढवून पुन्हा मांडतो. चाळीतल्या कांद्याला हात न लावता त्याने दोन-तीन हंगाम डोक्यात पाहून घेतलेले असतात.

गाठीचे खाते असेच आहे. जमेच्या बाजूला पेशींची वाढ. नावेच्या बाजूला आपोआप मरणाऱ्या पेशी आणि औषधाने मरणाऱ्या पेशी. फरक आकड्यांचा. एक सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण वाटाण्याएवढ्या गाठीत सुमारे १०० कोटी पेशी धरतात. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असे करत हा आकडा गाठायला फक्त ३० दुपटी लागतात. आणखी १० दुपटी झाल्या की १ लाख कोटी पेशी, म्हणजे सुमारे एक किलो वजन होते, आणि एवढा भार बहुधा माणसाला पेलत नाही. म्हणजे बोटाला गाठ लागते तेव्हा तिचा तीन-चतुर्थांश प्रवास झालेला असतो. इतकी मोठी खतावणी हाताने लिहिणे शक्य नाही, म्हणून कॉम्प्युटर.

पहिला धडा उंदरांनी दिला. अमेरिकेतील अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम येथील एका संशोधन संस्थेत हॉवर्ड स्किपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांवर औषधे वापरून हिशेब ठेवला. १९६४ साली त्यांनी दाखवून दिले की औषधाची एक मात्रा ठरावीक संख्येने पेशी मारत नाही, ठरावीक टक्क्यांनी मारते. व्यापाऱ्याला हे लगेच समजेल. वटाव रुपयांत नाही, शेकड्यात बसतो. समजा एका मात्रेत शंभरातल्या ९९ पेशी मरतात. १०० कोटींच्या १ कोटी होतील, मग १ लाख, मग १ हजार, मग १०. (दोन मात्रांच्या मधल्या दिवसांत जी वाढ होते ती येथे सोडून दिली आहे. खऱ्या हिशेबात ती धरावीच लागते.)

आता यातली खोच पाहा. दुसऱ्या मात्रेनंतर उरलेल्या १ लाख पेशी कोणत्याही स्कॅनमध्ये दिसणार नाहीत. गाठ गेली, रोगी चालूफिरू लागला, खर्चाने घर टेकीला आले आहे, अशा वेळी घरातले वडीलधारे म्हणतात, "आता पुरे झाले इंजेक्शन." आमच्या माहितीतल्या किमान दोन घरांत हे घडले आहे. खाते मात्र बंद झालेले नसते. डॉक्टर गाठ दिसेनाशी झाल्यावरही ठरलेल्या मात्रा पूर्ण करण्याचा आग्रह का धरतात, याचे उत्तर स्किपर यांच्या या साध्या गुणाकारात आहे.

विमावाल्याची वही

दुसरा धडा लंडनच्या एका विमा कंपनीतून आला. बेंजामिन गॉम्पर्ट्झ हे गृहस्थ यहुदी असल्यामुळे त्या काळच्या इंग्लंडात त्यांना विद्यापीठाचे दार बंद होते. गणित ते स्वतःच शिकले आणि पुढे अलायन्स या विमा कंपनीचे गणिती झाले. कोणत्या वयाच्या माणसाकडून किती हप्ता घ्यावा, हा त्यांचा धंद्याचा प्रश्न होता. वय वाढते तशी मृत्यूची शक्यता कोणत्या प्रमाणात वाढते याचे सूत्र त्यांनी १८२५ साली प्रसिद्ध केले. कर्करोग त्यांच्या डोक्यातही नसावा.

सुमारे १४० वर्षांनी, १९६४ मध्ये, ॲना लेअर्ड या संशोधिकेने प्राण्यांतील गाठींची मापे या सूत्राच्या वक्ररेषेवर ठेवून पाहिली. ती बसली. अर्थ असा निघाला की गाठ लहान असताना झपाट्याने वाढते आणि मोठी झाली की तिची वाढ मंदावते. नवे दुकान आणि जुनी पेढी यांच्यासारखेच म्हणा.

अमेरिकेतील लॅरी नॉर्टन आणि रिचर्ड सायमन यांनी १९७७ मध्ये यातून एक व्यवहारी निष्कर्ष काढला. औषधाने गाठ लहान झाली म्हणजे उरलेल्या पेशी अधिक वेगाने वाढू लागणार. मग दोन मात्रांमध्ये तीन आठवड्यांचे अंतर ठेवले तर आपणच त्यांना उसंत देतो. अंतर कमी करावे, मात्रा तीच ठेवावी. कागदावर हे बरोबर दिसत होते, परंतु शरीराला ते झेपेल काय? केमोथेरपीने रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, त्या भरून यायला वेळ लागतो. फिलग्रास्टिम नावाचे पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन हाती आल्यावर मार्ग मोकळा झाला.

मग अमेरिकेत मोठी परीक्षा झाली. काखेतील गाठींपर्यंत रोग पोहोचलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या २,००५ स्त्रिया तिच्यात होत्या. औषधे तीच, प्रत्येक मात्रा तेवढीच, फक्त काहींना दर तीन आठवड्यांनी तर काहींना दर दोन आठवड्यांनी. २००३ साली निकाल छापून आला. चार वर्षांनंतर रोग न उलटलेल्यांचे प्रमाण तीन आठवड्यांच्या गटात ७५ टक्के आणि दोन आठवड्यांच्या गटात ८२ टक्के होते. कोणतेही नवे कर्करोगाचे औषध नाही, फक्त कॅलेंडर बदलले आणि शंभरात सात बाया अधिक वाचल्या, निदान तेवढा काळ तरी रोगमुक्त राहिल्या. गणिताने आधी सांगितले आणि रोग्यांवर नंतर ते उतरले, याचे आमच्या दृष्टीने हे सर्वांत सरळ उदाहरण आहे. हे मात्र याच रोगाला आणि याच औषधांना लागू. प्रत्येक कर्करोगात अंतर कमी केल्याने लाभ होतोच असे नाही.

बोंडअळी आणि गाठ

येथवर आपण सर्व पेशी एकसारख्या धरल्या. खरी अडचण पुढे आहे. कॅनडातील जेम्स गोल्डी आणि अँड्र्यू कोल्डमन यांनी १९७९ साली मांडले की गाठ वाढताना तिच्यातल्या काही पेशी योगायोगानेच औषधाला दाद न देणाऱ्या निपजतात. औषध सुरू होण्याआधीच त्या तिथे असू शकतात. औषध आपल्या कामाला येणाऱ्या पेशी मारते, आणि दाद न देणाऱ्यांना सगळे मैदान मोकळे करून देते.

विदर्भ-मराठवाड्यातल्या आमच्या कापूस व्यापाऱ्यांना हे नवे नाही. बीटी कपाशीला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. तिच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जाई, ते शेताच्या कडेने पेरायचे, म्हणजे बीटीला बळी पडणाऱ्या अळ्यांची जात टिकून राहील आणि दाद न देणाऱ्या अळ्यांची निव्वळ औलाद वाढणार नाही. बहुतेकांनी ते पाकीट बाजूला टाकले. अळीसाठी कोण पेरणार? पुढे गुलाबी बोंडअळीने बीटीला जुमानणे सोडले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात काय झाले ते जिनिंगवाल्यांनी डोळ्यांनी पाहिले.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात टॅम्पा येथे मॉफिट कॅन्सर सेंटर आहे. तेथे डॉक्टरांच्या शेजारी गणितज्ञ बसवलेले आहेत. तेथील रॉबर्ट गेटनबी या डॉक्टरांनी २००९ साली असाच किडीचा दाखला दिला. त्यांचा दाखला कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा होता. सगळी कीड मारू पाहाल तर न मरणारी कीडच उरेल, त्यापेक्षा औषधाला बळी पडणाऱ्या पेशी थोड्या शिल्लक ठेवा आणि त्यांनाच न बळी पडणाऱ्यांशी जागेसाठी व अन्नासाठी झगडू द्या, असा त्यांचा विचार. शेतात बिगर-बीटी ओळींचे काम पतंगांच्या मिलनातून होते, गाठीत ते स्पर्धेतून होते, एवढा फरक लक्षात ठेवावा.

ही स्पर्धा मांडायला त्यांनी जे समीकरण घेतले, तेथे मासळीबाजाराची वही येते. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रात मासेमारी कमी झाली होती. त्रिएस्ते, फ्यूमे आणि व्हेनिसच्या मासळीबाजारांच्या नोंदी पाहताना उंबेर्तो डांकोना या प्राणिशास्त्रज्ञाला दिसले की त्या वर्षांत शिकारी माशांचे प्रमाण वाढले आहे. त्यांनी आपले सासरे, इटलीचे गणिती व्हितो व्होल्टेरा यांना कारण विचारले. व्होल्टेरांनी १९२६ मध्ये दोन जाती एकमेकींवर कशा अवलंबून वाढतात-घटतात याची समीकरणे दिली. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका यांनी तशीच समीकरणे स्वतंत्रपणे मांडली होती. आज कर्करोगाच्या कॉम्प्युटरवर त्यांचीच सुधारित रूपे चालतात. आमच्या कोकणातल्या मासळी व्यापाऱ्यांनी लिलावाच्या जुन्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे!

मॉफिटमधल्या गणितज्ञांनी प्रोस्टेट ग्रंथीच्या पसरलेल्या कर्करोगाची नक्कल केली. एकाच बाजारात तीन तऱ्हेचे दुकानदार. पहिल्या पेशींना बाहेरून पुरुषी हार्मोनचा पुरवठा लागतो, दुसऱ्या तो स्वतः बनवतात, तिसऱ्यांना त्याची गरजच नाही. अबिराटेरोन हे औषध हार्मोन बनण्याची वाट अडवते, म्हणून पहिल्या दोघांचा धंदा बसतो आणि तिसरा सगळा बाजार काबीज करतो. औषध रोज दिले तर हे लवकर घडते आणि मध्येमध्ये थांबवले तर लांबणीवर पडते, असे कॉम्प्युटरने दाखवले.

त्यावरून नियम ठरला, तोही किती साधा! रक्तातील पीएसए हा आकडा औषध सुरू करण्यापूर्वी जो होता त्याच्या निम्म्यावर आला की औषध बंद करायचे. पुन्हा पहिल्या आकड्यावर चढला की सुरू करायचे. हार्मोन रोखणारे मूळ उपचार चालूच ठेवायचे. २०१७ मध्ये पहिल्या ११ रोग्यांचा अहवाल आला. रोग पुढे सरकण्यास मधल्या रोग्याला किमान २७ महिने लागले आणि औषध नेहमीच्या ४७ टक्केच खर्ची पडले. २०२२ च्या अहवालात या पद्धतीचे १७ आणि नेहमीच्या पद्धतीचे १६ रोगी ताडून पाहिले आहेत. पहिल्यांत रोग आटोक्यात राहण्याचा मधला काळ ३३.५ महिने, दुसऱ्यांत १४.३ महिने.

आकडे वाचून आम्हीही क्षणभर हुरळलो. मग मालाची दुसरी बाजू पाहिली. १७ आणि १६ म्हणजे मूठभर माणसे. त्यांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, नेहमीच्या उपचाराचे रोगी बाहेरून तुलनेसाठी घेतले होते. शिवाय ज्यांचा पीएसए औषधाने आधी निम्मा झाला असेच रोगी यात होते, ज्यांच्यावर औषध चाललेच नाही त्यांच्यासाठी यात काही नाही. चिठ्ठ्या टाकून करण्याची मोठी परीक्षा ऑस्ट्रेलिया व नेदरलँड्समधील रुग्णालयांनी हाती घेतली आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी आपल्या वडिलांची गोळी बंद करू नये, ही आमची कळकळीची विनंती. तेथे दर महिन्याला रक्त तपासून, हिशेब मांडून औषध थांबवले जाते. मनाने थांबवणे वेगळे आणि हे वेगळे.

कमी औषध कोण विकणार?

आता आमच्या पानाचा खरा प्रश्न. औषध निम्मे लागते हे सिद्ध झाल्यास रोग्याचा लाभ, सरकारी रुग्णालयाचा लाभ, कंपनीचा मात्र निम्मा खप गेला. अशी परीक्षा करायला करोडो रुपये लागतात. ते कंपनी का घालील? नवे औषध सिद्ध करायला पैसा उभा राहतो, जुन्या औषधाची मात्रा किंवा वेळापत्रक सुधारायला राहत नाही. ते काम बहुधा सरकारी पैशावर, देणग्यांवर आणि मोठ्या रुग्णालयांच्या हट्टावर चालते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने असा हट्ट केलेला आहे. निवोलुमॅब या अतिमहाग औषधाची केवळ २० मिलिग्रॅम मात्रा दर तीन आठवड्यांनी, इतर औषधांच्या जोडीला देऊन त्यांनी तोंड-घशाच्या पुढे गेलेल्या कर्करोगात एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेल्याचे दाखवले. त्यात कॉम्प्युटरवरची नक्कल नव्हती. मात्रा कमी करूनही काम होते काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे एवढे त्यातून कळते. मात्रांच्या आणि दिवसांच्या शेकडो जोड्या रोग्यांवर करून पाहणे अशक्य, म्हणून कोणती जोडी आजमावायची हे निवडण्यापुरती नक्कल उपयोगाची.

कंपन्यांनाही ती हवी आहे, मात्र दुसऱ्या कारणाने. परीक्षेत नापास होणाऱ्या औषधावर होणारा खर्च वाचतो. कायदाही तिकडे वळला आहे. अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली आणि कॉम्प्युटर मॉडेलचा पुरावाही चालेल असे म्हटले. भारतानेही २०२३ साली औषध चाचण्यांच्या नियमांत तशीच दुरुस्ती केली. बंगळूरमध्ये गाठीतील जनुकांच्या बिघाडावरून औषधाचा अंदाज बांधणारे काम चालते. ज्या घरातल्या मुलामुलींना गणित आवडते पण डॉक्टरकीला नंबर लागला नाही, त्यांनी या वाटेची चौकशी करावी, असे सुचवावेसे वाटते.

आता त्या गुळगुळीत कागदाकडे वळू. नक्कल जितक्या मापांवर उभी, तितकीच खरी. गाठीतून सुईने काढलेला तुकडा म्हणजे पोत्यातून बंबीने काढलेला मूठभर माल. पोत्याच्या तळाला काय आहे ते तो सांगेलच असे नाही. जनुकांची तपासणी करून ज्यावर ठरलेले औषध आहे असा बिघाड शोधणे वेगळे. ती अनेक कर्करोगांत डॉक्टर स्वतःच सांगतात आणि तिला पुरावा आहे. तिच्यावर कॉम्प्युटरचा अंदाज चढवून विकणे ही पुढची पायरी, आणि तिचा पुरावा वेगळा मागावा लागतो.

आम्ही त्या वाचकांना सुचवले की कंपनीला दोन गोष्टी लेखी विचारा. तुमचा अंदाज आधी लिहून ठेवून, मग रोग्याला औषध देऊन, असे किती रोग्यांत ताडून पाहिले आणि त्यांत किती चुकले? आणि आमच्या भावाच्याच रोगाचे त्यांत किती होते? बरोबर आलेल्यांची यादी कोणीही देतो, चुकलेल्यांचा आकडा द्यायला मोठी पेढी लागते. तिसरा प्रश्न भावाच्या डॉक्टरांना विचारा की हा अहवाल आला तर तुम्ही उपचार बदलाल काय?

डॉक्टरांनी सरळ सांगितले की या रोगात पहिले औषध ठरलेले आहे, अहवाल काहीही आला तरी तेच देणार. व्यापाऱ्यांनी ते पैसे पुढच्या मात्रांसाठी बाजूला ठेवले. कंपनीकडे लेखी प्रश्न जाऊन दीड महिना झाला. प्रतिनिधीचा दोनदा फोन आला, सवलत देऊ म्हणाला. चुकलेल्यांचा आकडा अद्याप आलेला नाही.